स्नोमोबाईलचा ट्रॅक: ताण किती हवा, आणि आवाज नक्की कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १३७ इंची ट्रॅकची स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी. नवे स्लायडर (ज्यांवरून ट्रॅक घासत जातो त्या पट्ट्या) एका हंगामातच झिजून मर्यादेच्या खुणेपर्यंत आले. खालून खडखड येत होती म्हणून ट्रॅक आवळला. खडखड थांबली, पण सतत घरघर सुरू झाली आणि यंत्र जड चालल्यासारखं वाटू लागलं. आता आणखी आवळावा की सैल करावा?

सैल करा, पण मोजून. आवाज आला की ट्रॅक आवळायचा ही सवय फार पसरलेली आहे. माझ्या मते तिच्यापायी जितके स्लायडर आणि बेअरिंग फुकट जातात, तितके नीट बर्फावर कितीही चालवलं तरी जात नाहीत. माझा नियम सरळ आहे: कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या सैल टोकाजवळ ट्रॅक ठेवायचा आणि तो दाते चुकवू लागला तरच थोडा घट्ट करायचा. असं का, ते समजलं की तुमच्या दोन्ही आवाजांचा उलगडा होतो.

ट्रॅक म्हणजे रबराचा बंद पट्टा. त्यात मजबुतीचे धागे असतात आणि ठरावीक अंतरावर फायबरग्लासच्या आडव्या कांड्या. पुढे ड्राइव्ह शाफ्टवरचे स्प्रॉकेट त्याला फिरवतात, मागे अ‍ॅक्सलवरची मोठी चाकं त्याला वळवतात. मधे अ‍ॅल्युमिनियमचे दोन रेल असतात आणि त्यांच्या तळाशी प्लास्टिकच्या लांब पट्ट्या, म्हणजेच स्लायडर (बरेच जण त्यांना हायफॅक्स म्हणतात). ट्रॅकच्या खिडक्यांच्या (म्हणजे त्यातल्या भोकांच्या) कडेला बसवलेल्या धातूच्या क्लिपा या पट्ट्यांवरून घासत जातात. भार थोडा चाकांवर जावा म्हणून रेलला छोटी बोगी चाकं असतात, पण घासणं संपूर्ण टळत नाही.

आता ताणाकडे. सरळ भागात ट्रॅकचा ताण स्लायडरवर जवळजवळ काहीच दाब देत नाही. तिथला दाब येतो यंत्राच्या आणि चालवणाऱ्याच्या वजनातून. ताण दाबतो तो वळणावर. रेलच्या पुढच्या टोकाला जो बाक असतो तिथे ट्रॅक समजा ३० अंशांनी वळत असेल, तर ताणाच्या साधारण निम्मा दाब त्या दोन-चार बोटं लांबीच्या जागेवर पडतो. मागच्या चाकांना ट्रॅक अर्धा वेढा घालतो, म्हणून तिथे ताणाच्या दुप्पट भार अ‍ॅक्सलच्या बेअरिंगवर येतो. ड्राइव्ह शाफ्टच्या बेअरिंगचीही तीच गत. म्हणजे तुम्ही आवळलेला प्रत्येक किलो मागच्या अ‍ॅक्सलवर दोन किलो होऊन बसतो, आणि तेही यंत्र उभं असतानासुद्धा.

म्हणून झिजलेले स्लायडर टाकून देऊ नका, आधी नीट बघा. पुढच्या बाकापाशीच खड्डा पडलाय आणि मागे पट्टी बरी आहे? ताण जास्त असल्याची ती खूण आहे. बाकापाशी थोडी जास्त झीज नेहमीच असते, पण फरक डोळ्यांत भरेल इतका असेल तर ताणाचा संशय घ्या. पट्टी सगळ्या लांबीवर सारखीच घासली गेली असेल, वर चकाकी आणि वितळून पसरल्याच्या रेघा दिसत असतील, तर ताणापेक्षा बर्फाच्या अभावाकडे बोट जातं. पट्टीची एकच कड तासल्यासारखी गेली असेल तर ट्रॅक एका बाजूला सरकून चालतोय.

सैल ट्रॅकचे दोष वेगळे आहेत, आणि ते समजायला ताण कोणत्या भागात कधी असतो हे पाहावं लागतं. गती देताना पुढचा स्प्रॉकेट ट्रॅकचा वरचा भाग पुढे ओढून घेतो, म्हणून वरची बाजू ताणलेली आणि स्प्रॉकेटपासून रेलच्या बाकापर्यंतचा उतरता तुकडा ढिला. ब्रेक लावला किंवा थ्रॉटल सोडला की उलटं होतं: पुढचा तुकडा ताणला जातो आणि सगळा झोळ वरच्या बाजूला जमतो. हा झोळ मर्यादेबाहेर असेल तर ट्रॅक वर उसळून टनेलच्या, म्हणजे ट्रॅकला वरून झाकणाऱ्या धातूच्या चौकटीच्या, छतावर आपटतो. थ्रॉटल सोडताच वरून धपधप ऐकू आली तर ती बहुतेक हीच. ट्रॅकला स्टड (पकडीसाठीचे धातूचे खिळे) असतील तर हे आपटणं महागात पडतं, कारण बऱ्याच यंत्रांत छताखालीच कूलंट थंड करणारे हीट एक्स्चेंजर असतात आणि त्यांना भोक पडतं.

त्याहून वाईट म्हणजे दाते चुकवणं. स्प्रॉकेटचे दात ट्रॅकच्या आतल्या रबरी दात्यांना धरून ठेवतात. ट्रॅक फार ढिला असला की जोरात ब्रेक लावताना किंवा जागेवरून झटक्यात निघताना स्प्रॉकेट एका दात्यावरून उडी मारून पुढच्यावर पडतो. आवाज खणखणीत येतो, ठाक किंवा ठाक-ठाक, आणि पायाखाली झटका बसतो. दर वेळी रबराचा थोडा लचका तुटतो. हे वारंवार होऊ द्यायचं नाही. आतले दाते गेले की ट्रॅकच बदलावा लागतो. काही स्प्रॉकेटमध्ये खिडक्यांत घुसणारे जादा दात असतात आणि ते असं घसरणं बरंच रोखतात. पण ते आहेत म्हणून मर्यादेपलीकडे सैल ठेवणं मला पटत नाही, कारण टनेलवर आपटणं ते थांबवत नाहीत.

तुमची आधीची खडखड बहुधा सैलपणाची असावी, आणि नंतरची घरघर ओव्हरटाइटची. आवळताना मधला मुक्काम तुम्ही न थांबताच ओलांडलात, इतकंच.

मोजणं

ट्रॅक थंड आणि ताठ असताना मोजू नका. यंत्र बर्फावर १५-२० मिनिटं चालवा म्हणजे रबर आणि सस्पेन्शन दोन्ही जागेवर येतील. मग इंजिन बंद करून मागची बाजू भक्कम स्टँडवर उचला, इतकी की ट्रॅक मोकळा लटकेल. रेल आणि चाकांमध्ये अडकलेला बर्फ काढून टाका. गोठलेल्या गोळ्यावर ताणलेला ट्रॅक घट्ट भासतो आणि तुम्ही खोट्या आकड्यावर विश्वास ठेवता.

मोजण्याची रीत सगळीकडे तत्त्वतः एकच: ट्रॅकच्या खालच्या बाजूला ठरावीक जागी ठरावीक वजन टांगायचं किंवा स्प्रिंगच्या काट्याने तेवढ्या जोराने खाली ओढायचं, आणि स्लायडरच्या तळापासून ट्रॅकच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत किती फट पडते ते मोजायचं. हाच तो झोळ. पण जोर किती आणि जागा कुठली, हे कंपनीगणिक बदलतं. कुठे ४.५ किलो, कुठे ७.३ किलो, कुठे १० किलो; कुठे ट्रॅकच्या मध्यावर, तर कुठे मागच्या चाकाच्या केंद्रापासून १६ इंच पुढे. झोळाचा आकडा साधारण २५ ते ५० मिमीच्या पट्ट्यात कुठेतरी येतो. म्हणून मित्राच्या यंत्राचा ‘३० मिमी’ तुमच्या यंत्राला लावू नका. त्याचं वजन आणि जागा वेगळी असेल तर त्या ३० ला काही अर्थच उरत नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत तीन गोष्टी शोधा: जोर, जागा, फट. यंत्र उचलून मोजायचं की जमिनीवर, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

हाताने ओढून ‘बरोबर वाटतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. अनुभवाचा हात असला तरी फरक पडतो, कारण ट्रॅक गार असताना तोच हात वेगळं सांगतो. साधा स्प्रिंगचा काटा आणि मोजपट्टी एवढंच लागतं.

सैल किंवा घट्ट करणं

मागच्या अ‍ॅक्सलचा मुख्य बोल्ट (काही यंत्रांत दोन्ही बाजूंचे) ढिला करा, पण काढू नका. अ‍ॅडजस्टरला लॉकनट असेल तर तोही सोडा. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर बोल्ट सारखेच फिरवा. एका वेळी पाव फेरा पुरे. बहुतेक यंत्रांत घड्याळाच्या दिशेने फिरवलं की अ‍ॅक्सल मागे सरकतं आणि ट्रॅक घट्ट होतो. तुम्हाला उलटं करायचं आहे, आणि इथे एक गंमत आहे: बोल्ट मागे घेतला म्हणून अ‍ॅक्सल आपोआप पुढे येईलच असं नाही, ते जागीच चिकटून राहतं. ट्रॅक हाताने खाली दाबून, थोडा फिरवून अ‍ॅक्सल अ‍ॅडजस्टरला टेकलंय याची खात्री करा. नाहीतर मोजताना वेगळा आकडा येईल आणि पहिल्याच खड्ड्यावर अ‍ॅक्सल सरकून ट्रॅक ढिला होईल.

दर बदलानंतर ट्रॅक दोन-तीन फेरे हाताने फिरवून मगच पुन्हा मोजा. आकडा आला की अ‍ॅक्सलचा बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा आणि परत एकदा मोजा, कारण आवळताना अ‍ॅक्सल किंचित हलतं.

सरळपणा

ताण बरोबर आला तरी काम अर्धंच झालं. दोन्ही अ‍ॅडजस्टर सारखे फिरवले म्हणजे ट्रॅक मधोमध चालेल, असं गृहीत धरू नका. रेल, बुशिंग, चाकं यांच्या बारीक फरकामुळे तो एका बाजूला ओढतो. तपासायचं तर इंजिन चालू करून मागचा भाग हवेत असताना ट्रॅक अगदी कमी वेगाने काही फेरे फिरवावा लागतो, आणि पूर्ण कामातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. ट्रॅकमधून दगड, बर्फाचे तुकडे, तुटलेली क्लिप किंवा स्टड गोळीसारखे मागे उडू शकतात. मागे कोणीही उभं राहायचं नाही, स्की एखाद्या भिंतीला किंवा खांबाला टेकवून यंत्र पुढे जाणार नाही याची सोय करायची, स्टँड मागून झाकलेला असावा. वेग वाढवायचा नाही. आणि हात, मफलर, हातमोज्याचा बंद यांतलं काहीही फिरत्या ट्रॅकजवळ न्यायचं नाही. इंजिन बंद होऊन ट्रॅक थांबल्याशिवाय पाना उचलू नका.

थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या क्लिपांच्या कडा आणि रेल यांतलं अंतर बघा. ट्रॅक सैल बाजूकडे सरकतो. तो डावीकडे गेलाय? डावा अ‍ॅडजस्टर थोडा घट्ट करा. उजवीकडे गेलाय? उजवा. तुमच्या बाबतीत ताण आधीच जास्त आहे, तेव्हा एक बाजू घट्ट करण्याऐवजी विरुद्ध बाजू तेवढीच सैल केली तरी परिणाम तोच आणि ताणही उतरतो. एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून जास्त देऊ नका. ट्रॅकला प्रतिसाद द्यायला काही फेरे लागतात.

आवाज ओळखणं

इथे थोडं गणित कामी येतं, आणि ते कानांपेक्षा जास्त प्रामाणिक असतं. १३७ इंची ट्रॅक म्हणजे घेर ३.४८ मीटर. ताशी २० किमी वेगाला सेकंदाला ५.५६ मीटर ट्रॅक फिरतो, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी साधारण ०.६ सेकंदात. त्या वेगाला १० सेकंदांत १६ वेळा ‘धप’ ऐकू आली तर दोष ट्रॅकमध्येच एका ठिकाणी आहे: मोडलेली कांडी, गेलेली क्लिप, फाटलेला दाता. हे ताणाने बरं होणार नाही. ट्रॅक हाताने फिरवत इंच-इंच बघावा लागेल.

ठोका त्याहून खूप जलद असेल तर गोल फिरणाऱ्या एखाद्या भागाचा समजा. ८ दाती स्प्रॉकेट आणि २.८६ इंच पिच (एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर) धरली तर स्प्रॉकेटचा एक फेरा म्हणजे ५८ सेंमी, तेव्हा त्याच वेगाला सेकंदाला ९-१० ठोके. मागचं १८ सेंमी व्यासाचं चाकही जवळपास तेवढेच देतं, म्हणून या दोघांत मोजून फरक करता येत नाही. तिथे हात लावूनच पाहायचं: यंत्र उचलून, इंजिन बंद ठेवून प्रत्येक चाक वेगळं फिरवा. खरखर, अडकणं, कडेने हलणं, यांपैकी काहीही जाणवलं तर बेअरिंग गेलंय. तुम्ही काही काळ ओव्हरटाइट ट्रॅकने चालवलं आहे, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलची बेअरिंग मी पहिल्यांदा तपासेन. सैल केल्यावरही घरघर तशीच राहिली तर उत्तर तिथेच मिळेल.

एक गुणगुण मात्र राहणारच. दर पिचला एक कांडी चाकांखालून जाते, एक दाता स्प्रॉकेटमध्ये बसतो. २.८६ इंच पिचला ताशी ६० किमी वेगाने हे सेकंदाला सुमारे २३० वेळा होतं, म्हणजे कानाला ऐकू येणारा, वेगाबरोबर चढणारा सूर. तो नैसर्गिक आहे. ट्रॅक जास्त आवळला की प्रत्येक कांडी चाकावर अधिक जोराने आदळते आणि हाच सूर मोठा, कर्कश होतो. बोगी चाकं वाढवली तरी आवाज थोडा वाढतो, कारण कांड्यांना आदळायला जागा वाढतात.

आणि खालून येणारा प्रत्येक आवाज ट्रॅकचा नसतो. चेनकेसमधली, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टला गती देणारी, ढिली चेन थ्रॉटल सोडताना खडखडते. स्प्रॉकेट शाफ्टवर सरकून एकमेकांच्या रांगेतून बाहेर गेले तर ठाक-ठाक येते आणि माणूस ट्रॅक सैल समजून आवळत बसतो. ताण पुस्तिकेप्रमाणे असूनही दाते चुकत असतील तर स्प्रॉकेटचे दात आणि ट्रॅकचे दाते यांची झीज बघा.

स्लायडर लवकर जाण्याची दुसरी कारणं

स्लायडरचं प्लास्टिक अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन असतं. ते साधारण १३० ते १३५ अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याआधीच मऊ पडू लागतं. त्याला थंड ठेवणारा आणि वंगण देणारा एकच पदार्थ, तो म्हणजे ट्रॅकने आत फेकलेला बर्फ. कडक गोठलेल्या वाटेवर, बर्फाच्या थराने झाकलेल्या तळ्यावर किंवा उघड्या रस्त्यावर तो मिळत नाही. अशा वाटांवर जास्त चालत असाल तर बर्फ खरवडून स्लायडरवर उडवणारे स्क्रॅचर लावा आणि अधूनमधून बाजूच्या भुसभुशीत बर्फात उतरा. इंजिनाचं तापमानही त्यानेच खाली येईल. रिव्हर्स घेण्याआधी स्क्रॅचर उलटे चालतात की नाही ते पाहून घ्या. काही प्रकार मागे जाताना वाकतात.

तापलेला स्लायडर क्लिपांना चिकटतो. थांबून थोड्या वेळाने निघताना ट्रॅक अडकल्यासारखा वाटला तर जोरात थ्रॉटल देऊ नका, यंत्राची मागची बाजू हलवून सोडवा.

आता एक गोष्ट जी फार कमी जण लक्षात घेतात. स्लायडर झिजले की ट्रॅकचा मार्ग तेवढा आखूड होतो, म्हणजे ट्रॅक सैल होतो. नवे स्लायडर बसवले की तोच ट्रॅक घट्ट होतो. नवे स्लायडर बसवून ताण न मोजता चालवणं हा स्लायडर पुन्हा खाण्याचा खात्रीचा मार्ग आहे. मागची चाकं मोठ्या व्यासाची लावली, सस्पेन्शनची लिमिटर पट्टी (रेलचा पुढचा भाग किती खाली जाईल ते ठरवणारी) लांब-आखूड केली किंवा शॉक बदलले तरी तसंच: रेलची भूमिती बदलते आणि तिच्याबरोबर ट्रॅकचा ताणही. लिमिटर फार लांब केली तर बाकापाशी कोन तीव्र होतो आणि ताण बरोबर असतानाही तिथला दाब वाढतो. तुमच्या स्लायडरला खड्डा बाकावरच दिसला तर ताण उतरवल्यावर लिमिटरही एकदा पाहा.

नव्या ट्रॅकचा ताण पहिल्या काही शे किलोमीटरांत झपाट्याने उतरतो, म्हणून तेव्हा दर दोन-तीन सफरींनंतर मोजा. पुढे महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी पुरे. उन्हाळ्यात ठेवताना मागची बाजू उचलून ट्रॅक जमिनीपासून सुटा ठेवा आणि अधूनमधून हाताने थोडा फिरवा, म्हणजे एकाच जागी बाक पडून राहणार नाही. त्या काळात ताण सोडायचा की नाही, यावर कंपन्यांचं एकमत नाही. तुमच्या पुस्तिकेत जे आहे तेच करा, आणि सोडला असेल तर पहिला बर्फ पडण्याआधी हँडलवर चिठ्ठी बांधून ठेवा.